मी न शिकवलेला धडा

आमच्या शाळेत तो बोर्ड आला तेव्हा चतुर्थीची सुट्टी नुकतीच संपली होती. मुलांच्या गप्पांत अजून गोड नेवऱ्या आणि फुगड्या होत्या. मी चौथीच्या वर्गात शिरले आणि पाहते तर जुना काळा फळा भिंतीवरून उतरवून व्हरांड्यात टेकवलेला. त्याच्या जागी हा नवा, चारही वर्गांत तसाच. हाही काळाच, पण काचेसारखा गुळगुळीत, आणि वरच्या कडेला मधोमध मुगाच्या दाण्याएवढा एक डोळा.

"तो कॅमेरा," मुख्याध्यापक म्हणाले. "हजेरी आता तोच घेणार. मुलांनी नुसतं समोर बघायचं."

"आणि बाकीच्या वेळी तो काय बघणार, सर?"

ते हसले. मी प्रश्न गमतीने विचारला नव्हता.

डिचोली तालुक्यातल्या एका गावातली आमची संस्थेची मराठी प्राथमिक शाळा. पहिली ते चौथीचे वर्ग आणि शिकवायला आम्ही मोजकी माणसं. दर जूनमध्ये पट थोडा थोडा खाली येतो. पालकांना आता पहिल्यापासून इंग्रजी हवं असतं, त्यात त्यांचा दोष नाही. आमच्या सरांना शाळा टिकवायची होती. एका कंपनीने त्यांना सांगितलं, बोर्ड आम्ही बसवतो, पहिली काही वर्षं काही देऊ नका. फुकट मिळणाऱ्या वस्तूकडे मी बाजारातसुद्धा दोनदा बघते. पण सर म्हणाले, "टीचर, हा बोर्ड बघून चार मुलं जास्त आली तर तुमचीच नोकरी राहील." मी खडू घेऊन वर्गात गेले.

घरी मला संशयी म्हणतात. माझं सासर आमोण्याचं. यजमान पूर्वी खाणीच्या ऑफिसात होते, खाण बंद पडल्यापासून शेती बघतात. त्यांना मोबाईलचं फार कौतुक. वीजबिल, गॅस, भाताच्या बियाण्याची चौकशी, सगळं अंगणात उभं राहून अंगठ्याने करतात. मी मात्र अजून दारावर पाव घेऊन येणाऱ्या पोदेराला उंड्यांचे सुटे पैसे हातात देते. एकदा जेवताना मी म्हटलं, चष्मा बदलायला हवा, आणि दुसऱ्या दिवशी माझ्या फोनवर चष्म्यांच्या जाहिराती. यजमान म्हणाले, योगायोग. तेव्हापासून आमच्या जेवणाच्या मेजावर फोन पालथा ठेवलेला असतो. पालथा ठेवून त्याचे कान बंद होत नाहीत हे मला कळतं, पण ठेवते.

अशी मी, आणि तरीही दिवाळीच्या आधी कंपनीचा तरुण आला तेव्हा आवाज द्यायला बसले. तो पुण्याकडचा होता, बोलायला अगदी मऊ. म्हणाला, "मॅडम, तुमचं वाचन फार छान आहे असं सरांनी सांगितलं. थोड्या कविता, थोडे धडे वाचून द्याल? लहान गावातल्या मुलांना शुद्ध वाचन ऐकायला मिळत नाही."

वाचन हा माझा अभिमानाचा विषय. मी संध्याकाळच्या आरतीतही शब्द तोडू देत नाही. स्टाफरूममधला पंखा बंद करून, खिडक्या लावून त्याने मला दोन दुपारी वाचायला बसवलं. कविता झाल्या, धडे झाले, मग म्हणाला, आता हे वाचा. नुसती वाक्यं होती. काही आनंदाने म्हणायची, काही रागाने, काही प्रश्न विचारल्यासारखी. मी विचारलं, "हे कशाला?"

"आवाजाची पातळी बघायला, मॅडम."

शेवटी त्याने आपल्या टॅबवर काहीतरी उघडलं. इंग्रजीत बारीक अक्षरांचा मजकूर होता. मी चष्मा शोधत होते, तोवर तो म्हणाला, "अटी मान्य आहेत ना? हो म्हणा मॅडम, मी टिक करतो." आणि केलं त्याने.

त्यानंतर बरेच दिवस काही झालं नाही. बोर्डावर मुलं चित्रं बघत, पाढे म्हणत. कॅमेरा त्यांचे चेहरे ओळखून हजेरी लावी आणि कधीकधी दोन बहिणींत गोंधळ करी. मी बाजूच्या भिंतीवर लहान फळा मागून घेतला होता, खडूनेच शिकवत होते.

मग एका दुपारी असं झालं. तिसरीच्या वर्गशिक्षिका रजेवर होत्या. मी चौथीला गणितं घालून दिली, हात धुवायला व्हरांड्यात आले, आणि तिसरीच्या वर्गातून मला मी ऐकू आले.

"मुलांनो, लक्ष द्या बरं. आज आपण एक मजेची गोष्ट शिकणार आहोत."

नळ चालूच राहिला. माझाच आवाज. "बरं" म्हणताना मी जरा सूर वर नेते, तोसुद्धा तसाच. मी दारात जाऊन उभी राहिले. बोर्डावर साडी नेसलेल्या बाईचं चित्र हलत होतं, ओठ उघडत-मिटत होते, आणि त्यातून मी बोलत होते. हे वाक्य मी स्टाफरूममध्ये वाचलं नव्हतं. त्या पुढचंही नव्हतं. त्यातलं एकही नव्हतं.

पहिल्या बाकावरच्या मुलीने मला पाहिलं. एकदा माझ्याकडे, एकदा बोर्डाकडे. मग ती ओरडली, "टीचर, तुम्ही दोन जाग्यांर!" सगळा वर्ग हसायला लागला.

मी हसले नाही. मी ऐकत होते. ती बाई माझ्यापेक्षा बरं शिकवत होती असं क्षणभर वाटलं. तिला खोकला नव्हता. दुपारच्या जेवणानंतर माझा आवाज बसतो, तिचा बसला नव्हता. मुलं गलका करत होती तरी ती चिडत नव्हती, एका सुरात पुढे जात होती. आणि मग ती म्हणाली:

"पंधरा ऑगस्ट एकोणीसशे सत्तेचाळीसला आपण सगळे स्वतंत्र झालो. त्या दिवशी आपल्या गावागावांत तिरंगा फडकला."

आमच्या गावांत? एकोणीसशे सत्तेचाळीसला इथे पोर्तुगीज होते. एकसष्टच्या डिसेंबरात एकोणीस तारखेला गोवा मुक्त झाला, हे इथलं शेंबडं पोरही सांगतं, कारण त्या दिवशी शाळेत झेंडावंदन असतं आणि लाडू मिळतो. माझ्या आईने ते दिवस स्वतः पाहिलेत. आणि इथे माझ्या तोंडून...

मी बोर्ड बंद करायला आत गेले. बटण सापडेना. कडेला चाचपडले, खाली चाचपडले, ती बाई आपली बोलतेच आहे. शेवटी त्याच मुलीने येऊन काचेवर बोट ठेवलं आणि मी गप्प झाले.

"हे चूक आहे," मी मुलांना म्हटलं. "आपला गोवा सत्तेचाळीसला मुक्त झाला नाही."

"पण टीचर," ती म्हणाली, "आत्ता तुम्हीच सांगितलं."

मी तशीच सरांच्या खोलीत गेले. ते खूश होते. "ऐकलंत? मी तुम्हाला सरप्राईज देणार होतो. आता कोणी रजेवर गेलं तरी वर्ग रिकामा राहणार नाही."

"सर, मी हे बोललेच नाही."

"आवाज तर तुमचाच आहे."

"आवाज माझा आहे. बोलणं माझं नाही."

त्यांना त्यात फरक दिसत नव्हता. उलट त्यांनी मला आपला संगणक दाखवला. तिथे एक रिकामी चौकट होती. त्यात हवं ते लिहायचं, बटण दाबायचं. त्यांनी एका बोटाने टाईप केलं: उद्या सर्वांनी टोपी आणावी. आणि मी म्हणाले, उद्या सर्वांनी टोपी आणावी. इतक्या मायेने म्हणाले की मी दोन पावलं मागे सरले.

"पालकांच्या ग्रुपवर गेले आठवडाभर मी सूचना अशाच टाकतोय," सर म्हणाले. "कोणाला कळलंसुद्धा नाही."

त्या दिवसापासून माझं वागणं बदललं. वर्गात बोलताना मी बोर्डाकडे पाठ करून बोलू लागले. जे सांगायचं ते जितकं कमी शब्दांत सांगता येईल तितकं सांगायची, म्हणजे त्याच्या हाती जास्त लागायला नको. पर्समध्ये टिकल्यांचं पाकीट असतं. त्यातली मोठी तांबडी टिकली काढून एके सकाळी मी त्या डोळ्यावर लावली. मुलांना फार आवडलं. बोर्डाला कुंकू लावलं म्हणून त्यांनी टाळ्या वाजवल्या. हजेरी बंद पडली. सरांनी येऊन टिकली काढली. मी दुसऱ्या दिवशी परत लावली. ते काढत, मी लावी. आमच्यात यावर एक शब्दही झाला नाही.

घरी यजमान म्हणाले, "चूक आहे तर दुरुस्त करून घे, त्यात एवढं काय? तुझा आवाज चार मुलांपर्यंत पोचतो, चांगलंच की."

"उद्या माझ्या आवाजात कोणी तुम्हाला फोन करून सांगितलं, घराचा दरवाजा उघडा ठेवा, तर?"

"मी ओळखीन."

"कसं?"

त्यांनी फोन खिशात टाकला. मग म्हणाले, "तू दरवाजा उघडा ठेवा असं कधी म्हणणारच नाहीस." तेव्हा मात्र मी हसले. पण झोप नीट लागली नाही.

घटक चाचणी आली. तिसरी आणि चौथी दोन्ही वर्गांना मी मुद्दाम प्रश्न घातला: आपला गोवा केव्हा मुक्त झाला? चौथीच्या मुलांनी बरोबर लिहिलं. तिसरीत बऱ्याच जणांनी लिहिलं, पंधरा ऑगस्ट एकोणीसशे सत्तेचाळीस. पहिल्या बाकावरच्या त्या मुलीनेही तेच. मी काट मारली. वर्गात तेवढं सांगूनही त्यांच्या डोक्यात माझं ऐकलेलं राहिलं, पण कुठलं माझं, ते मलाच सांगता येईना.

पेपर घरी गेले आणि दुसऱ्याच दिवशी त्या मुलीचे वडील शाळेत आले. मूळचे सिंधुदुर्गातले, टिपर चालवतात, कित्येक वर्षं इथेच राहतात. अंगावर ड्यूटीवरचेच कपडे होते. स्टाफरूमच्या दारात चपला काढून ते आत आले.

"बाई, माझ्या चेडवाचे मार्क कशाक कापलात?"

मी शांतपणे सांगितलं, उत्तर चुकलंय.

त्यांनी खिशातून फोन काढला; बोर्डावरचे धडे कंपनीच्या ॲपवर घरीही ऐकता येत. "रोज घरी ता ह्याच ऐकता. मी सुद्धा ऐकलंय." त्यांनी बोट दाबलं आणि स्टाफरूमभर माझा आवाज झाला. मुलांनो, लक्ष द्या बरं. सगळ्या बायका कामं थांबवून ऐकू लागल्या. पंधरा ऑगस्टचं वाक्य आलं तेव्हा त्यांनी फोन थांबवला.

"ह्यो तुमचोच आवाज मां?"

"माझाच आहे. पण मी हे बोललेली नाही."

हे म्हणताना ते मला कसं ऐकू आलं, काय सांगू. त्या माणसाने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, कीव केल्यासारखं. बाजारात कमी तोलताना पकडलेल्या बाईकडे बघावं तसं.

"बाई," ते म्हणाले, "आमी शिकलेले नाय. चूक झाली तर झाली म्हणा. पोरांच्या फुडे खोटा कशाक बोलतास?"

चपला घालून ते निघून गेले. इतक्या वर्षांच्या नोकरीत मला कोणी खोटारडी म्हटलं नव्हतं. शिक्षिकांपैकी एकीने माझ्यासमोर पाण्याचा पेला ठेवला, तो मी तसाच राहू दिला.

त्याच संध्याकाळी मी कंपनीच्या तरुणाला फोन लावला. तो दोन दिवसांनी आला, सरांच्या खोलीत आम्ही बसलो.

"चूक आमचीच आहे, मॅडम," तो म्हणाला. "धडा सगळ्या देशासाठी एकच बनतो ना. गोव्यासाठी वेगळं वाक्य टाकतो. आजच टाकतो."

"वाक्य बदलू नका. आवाज काढा."

"पण का? तुमचा आवाज सगळ्यांत जास्त पसंत पडलाय. इथल्या चार तालुक्यांतल्या शाळा तोच आवाज निवडतात. पेडण्यातसुद्धा."

पेडणे माझं माहेर. मला न सांगता मी माझ्या माहेरी जाऊन शिकवत होते.

"मॅडम, तुम्ही निवृत्त झाल्यावरसुद्धा तुम्ही शिकवत राहाल," तो म्हणाला. त्याला वाटलं मला बरं वाटेल.

सर मधे पडले. "टीचर, करार संस्थेचा आहे. आवाज काढला तर ते बोर्ड नेतील. मग पालकांना काय सांगू?"

"मी सांगते पालकांना," मी म्हटलं. "शनिवारी पालक सभा आहे."

शनिवारी सभा तिसरीच्याच वर्गात झाली, मुलांच्या बाकांवर पालक अवघडून बसलेले. बहुतेक आया होत्या. शेवटच्या बाकावर टिपर चालवणारे ते वडीलही आले होते, हाताची घडी घालून. मी भाषण तयार केलं होतं, पण उभी राहिले तेव्हा ते सगळं फिकं वाटलं. आधीच मला खोटी समजलेल्या माणसांना आणखी शब्द ऐकवून काय होणार होतं?

म्हणून मी म्हटलं, "सगळ्यांनी जरा मागच्या भिंतीकडे तोंड करून बसा. मी दोनदा बोलेन. एकदा मी स्वतः, एकदा हा बोर्ड. कोणती मी, ते हात वर करून सांगा."

हसत, कुजबुजत ते वळले. मी म्हटलं, "उद्या मुलांना डब्यात भाजी द्या." सरांचा संगणक मी मेजावर आणून ठेवला होता; त्यातल्या चौकटीत तेच वाक्य आधीच लिहिलेलं होतं, मग त्याचं बटण दाबलं. पहिली मी? थोडे हात वर आले. दुसरी मी? त्याहून जास्त. ज्यांना मी ओळखू आले नाही त्यांत आमच्याच शेजारच्या वाड्यावरची एक बाई होती, रोज माझ्याशी बोलणारी.

मग मी त्यांना पुन्हा बोर्डाकडे वळायला सांगितलं आणि काही न बोलता चौकटीत दुसरं वाक्य लिहिलं. बोर्ड माझ्या आवाजात म्हणाला, "तुमची मुलगी बागेत खेळतेय. एक काका तिला न्यायला येतील, तिला त्यांच्याबरोबर पाठवा."

समोरच्या बाकावरची बाई हळूच म्हणाली, "म्हणजे कोणीय लिहिलं तरी हे बोलतं?"

"कोणीही," मी म्हटलं. "ज्याच्याकडे ही चौकट आहे तो."

शेवटच्या बाकावरून ते वडील उठले. माझ्याकडे न बघता ते सरांना म्हणाले, "ह्यो बोर्ड ठेवा, मुलां चित्रां बघतत. पण बाईंचो आवाज काढा. माझ्या घरात तो दिसभर वाजता." मग जरा थांबून माझ्याकडे वळले. "बाई, त्या दिवशी मी बोललंय ता..."

"राहू दे," मी म्हटलं.

सर उठून उभे राहिले होते. त्यांचा चेहरा उतरला होता. पण तेसुद्धा एका मुलीचे बाप आहेत. सोमवारी त्यांनी स्वतः कंपनीला पत्र लिहिलं, आणि मला म्हणाले, "ग्रुपवरच्या सूचनासुद्धा मी अशा टाकायला नको होत्या." पत्र, मग फोन, मग पुन्हा पत्र असं होत होत कंपनीने कळवलं: आवाज सर्व शाळांतून मागे घेतला आहे. बोर्डावर आता दुसऱ्याच कोणाचा आवाज येऊ लागला, गोडसर, रेडिओवर बोलणाऱ्या बाईसारखा. ती कोण, तिला विचारलंय का, मला माहीत नाही.

मला जिंकल्यासारखं वाटत होतं. आणि ते कोणाला तरी सांगायचं होतं. रविवारी मी बसने पेडण्याला गेले.

आई भावाकडे असते. भाऊ मोपाच्या विमानतळावर टॅक्सी चालवतो, वहिनी तिथेच साफसफाईच्या कामावर आहे. दोघांच्या पाळ्या वेगवेगळ्या. त्यांची मुलगी, माझी भाची, तिसरीत शिकते, दुपारी शाळेतून येऊन शिकवणीला जाते. त्यामुळे दुपारच्या जेवणानंतर आई घरात एकटीच. डोळे अधू झाल्यापासून टीव्हीही बघत नाही.

मी गेले तेव्हा ती पडवीतल्या सोप्यावर, भिंतीलगतच्या बांधीव बाकावर, बसून कुळीथ पाखडत होती. हाताच्या सवयीने, न बघता. मी जवळ बसले आणि सगळं सांगितलं, बोर्ड, टिकली, सभा, कंपनीचं पत्र. टिकलीला ती हसली. मग शेवट ऐकला आणि सूप मांडीवर ठेवलं.

"म्हणजे तूच बंद केलंस?"

"काय बंद केलं?"

तिने भाचीला हाक मारली. भाची आतून टॅब घेऊन आली. "आते, आजी रोज ऐकायची. मी शिकवणीला जाताना लावून द्यायचे. गेल्या आठवड्यापासून दुसरीच कोण बोलते, म्हणून आजीने बंद कर म्हटलं."

मी आईकडे बघितलं. "आई, तू काय ऐकत होतीस? तिसरीचे धडे?"

"ता पावसाचा. ता नदीचा. ता सत्तेचाळीसचा."

"सत्तेचाळीसचं चुकीचं होतं, आई. तुला तरी माहीत आहे. तू होतीस तेव्हा."

"माका खबर आसा. माका काय परीक्षेक बसूचा आसा?" ती म्हणाली. "मी धडो ऐकूक नाय. तू उलयतंस म्हणान ऐकी."

"पण बोलत होती ती मी नव्हते."

"ता पण माका खबर आसा."

मला राग आला, हे खरं. "मी रोज संध्याकाळी फोन करते ना तुला?"

"करतंस," आई म्हणाली. तिने सूप पुन्हा उचललं. "जेवलंस काय, गोळी घेतलंस काय, भाऊ इलो काय. मगे ठेवतंस. ती कशी सवडीन उलयता. मधीच 'मुलांनो' म्हणता. तू ल्हान असताना माझ्या पदराक धरून शाळा शाळा खेळी, तेवां तशीच उलय."

कुळथातले खडे ती एकेक करून अंगणात टाकत होती. त्या यंत्राविरुद्ध मी पालकांना पटवलं, सरांना पटवलं, कंपनीकडून लिहून घेतलं. आणि इथे माझी आई सांगत होती की त्या दुसरीला सवड होती. ती सवड कोणाची होती? दोन दुपारी पंखा बंद करून घामात बसून मी जे वाचलं त्यातूनच ती निघाली होती. तेवढ्या दुपारी मी आईसमोर बसून वाचलं असतं तर? पण तसा विचार करायचा म्हणजे माझ्याशिवायही माझा आवाज उपयोगी पडतो हे त्या तरुणाचं म्हणणं मान्य करण्यासारखं वाटलं, म्हणून मी तो सोडला.

"मी तुला मुद्दाम वाचून रेकॉर्ड करून देते," मी म्हटलं. "खरंखुरं. मीच बोललेलं."

"नको," आई म्हणाली. "मगे तू येवचंच नाय."

तेव्हापासून मी महिन्यातल्या दोन रविवारी पेडण्याला जाते. पूर्वी चतुर्थीला, शिमग्याला जायची. आईला वर्तमानपत्र वाचून दाखवते. मरण पावलेल्यांची पानं तिला आधी हवी असतात. कधी ऐकता ऐकता तिला डुलकी लागते, कधी मलाच. संध्याकाळचा फोन मी लांबवायचा प्रयत्न करते, पण फोनवर माझं बोलणं अजून गोळीपाशी येऊन थांबतं. आणि आईलाही आता संशय लागलाय. मधेच म्हणते, "तू खरां मां?" मी काहीतरी घरातलं सांगते, आज तिसळ्यांचं सुकं केलं, मीठ जास्त पडलं. मग ती म्हणते, "हय, तूच."

एवढ्यावर हे थांबलं असतं तर बरं झालं असतं. गेल्या पंधरवड्यात माझ्या एका मैत्रिणीने, ती दुसऱ्या तालुक्यात शिकवते, मला एक छोटा व्हिडिओ पाठवला. दुसऱ्याच कुठल्या कंपनीचा, शेतीच्या खतांबद्दल. बोलणारी बाई दिसत नाही, नुसता आवाज. "हा तुझा वाटतो की काय?" तिने विचारलं होतं. मी ऐकला. जरा बारीक होता, जरा घाईचा. "बरं" म्हणताना सूर वर जात होता, पण तो काय, आमच्या भागात बऱ्याच बायकांचा जातो. मी स्टाफरूममध्ये ऐकला, घरी ऐकला, शेतात बांधावर उभी राहून ऐकला. यजमान म्हणाले, तुझा नाही. भाचीला पाठवला, ती म्हणाली, थोडा थोडा. माझं मला ठरवता येईना, आणि याची मला सगळ्यांत जास्त भीती वाटली. स्वतःचा आवाज माणूस जन्मभर आतून ऐकतो, बाहेरून तो ओळखायची सवयच नसते.

मग मी तो आईकडे नेला. तिला काही सांगितलं नाही, नुसता फोन तिच्या कानाशी धरला. तिने डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं. युरिया, शेणखत, सगळं.

"कोण गो ही?" मी विचारलं.

"ही तीच," आई म्हणाली. 'तू' म्हणाली नाही.

"नक्की?"

"हय. थकल्यासारखी वाटता." तिने सोप्यावर हाताने जागा चाचपली आणि मला जवळ सरकायची खूण केली. "परत लाय बघूं."

फोन माझ्या हातात होता. सरांना कळवायचं, त्या कंपनीचा पत्ता काढायचा, पुन्हा पत्रं लिहायची, हे सगळं डोक्यात रांगेने उभं होतं. आई वाट बघत होती. मी परत लावला.